दर दिल्लीत, तार गल्लीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

केबलचे बिल वाढले की लोक निवेदन घेऊन नगरपालिकेत जातात, आणि केबल उसाच्या ट्रॉलीत अडकून खांब वाकला की शिव्या केबलवाल्याला देतात. दोन्ही वेळा पत्ता चुकतो. बिलाशी नगरपालिकेचा काडीचा संबंध नाही. रस्त्यावरून गेलेल्या तारेशी मात्र आहे, आणि मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी मोंढ्यात उभे राहून वर पाहिले तर ते काम सहसा कुणीच अंगावर घेतलेले दिसत नाही. या पत्राचा विषय तेवढाच आहे. पण आधी बिलाचे उरकून घेऊ, नाहीतर चर्चा पुन्हा तिथेच जाऊन अडकते.

केबलच्या दराची चौकट ट्राय, म्हणजे दिल्लीतले दूरसंचार नियामक प्राधिकरण ठरवते. फेब्रुवारी २०१९ पासूनच्या पद्धतीत आधी नेटवर्कचे भाडे (ज्याला सगळे एनसीएफ म्हणतात), त्यावर तुम्ही निवडलेल्या सशुल्क चॅनेलची किंमत आणि या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी. एनसीएफला १३० रुपयांची मर्यादा होती, म्हणून तेव्हा करासह १५३ रुपये ४० पैसे हा आकडा सगळ्यांना पाठ झाला होता. जुलै २०२४ मध्ये ट्रायने ती मर्यादाच काढली. आता कंपनीने (गावातला केबलवाला जिचे चॅनेल घरोघर पोचवतो तिने) आपला एनसीएफ जाहीर करायचा आणि तेवढा घ्यायचा. त्यामुळे ‘शहरात केबलचे अमुक रुपयांपेक्षा जास्त घेऊ नयेत’ असा ठराव सर्वसाधारण सभेने एकमताने केला तरी तो चहापाण्यापुरताच. ग्राहकाने करायचे ते एवढेच: केबलवाल्याकडून फोड केलेले बिल मागायचे, टीव्हीवर ९९९ क्रमांकाचा ग्राहकसेवा चॅनेल लावून कंपनीचा फोन शोधायचा, तक्रार देताना तिचा क्रमांक लिहून घ्यायचा, दाद लागली नाही तर कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे आणि मग जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायचे. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनही आहे. तक्रार क्रमांकाशिवाय यातले पुढचे एकही दार नीट उघडत नाही, म्हणून वसुलीला आलेल्या पोराला दारात तोंडी सांगणे म्हणजे तक्रार नव्हे.

दुसरे दार जिल्हाधिकाऱ्यांचे. १९९५ च्या केबल कायद्याप्रमाणे जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी आणि जिथे पोलीस आयुक्तालय आहे तिथे पोलीस आयुक्त हे ‘प्राधिकृत अधिकारी’. नोंदणी नसताना केबल चालवणाऱ्याचे साहित्य ते जप्त करू शकतात, कार्यक्रमसंहिता मोडणारे प्रक्षेपण थांबवू शकतात. स्थानिक चॅनेलवर बाबा-बुवांच्या यंत्रताईतांच्या जाहिराती चालतात, त्यांची तक्रार इथे करायची. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये अशा दैवी शक्तीच्या वस्तूंच्या टीव्हीवरील जाहिराती २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली बेकायदा ठरवल्या आहेत. निकाल आपल्याच खंडपीठाचा आहे, अर्जात त्याचा उल्लेख जरूर करावा. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने केबल कायद्यातली तुरुंगवासाची तरतूद गेली. ताकीद, समज, आर्थिक दंड राहिले. जप्तीचे कलम मात्र जागेवर आहे.

एक गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. १ जुलै २०१७ ला जीएसटी येईपर्यंत केबलवर राज्याचा करमणूक कर होता: महापालिका हद्दीत दर टीव्हीमागे महिन्याला ४५ रुपये, ‘अ’ आणि ‘ब’ वर्ग नगरपालिकांत ३०, इतरत्र १५. कर चुकवण्यासाठी जोडण्या कमी दाखवल्या जायच्या हे उघड गुपित होते. पण त्या निमित्ताने तहसीलच्या करमणूक कर शाखेत निदान यादी असायची: गावात केबलवाले किती, कोणाचा भाग कोणता. कर गेला आणि यादी ठेवायचे कारणही गेले. आज गावातल्या खांबांवर कोणाकोणाच्या तारा आहेत हे लेखी कोणत्या टेबलावर सापडेल, असा साधा प्रश्न विचारून पाहावा.

आता तारेकडे. केबल कायद्यात २०११ च्या दुरुस्तीने कलम ४ ब आले. नगरपालिकेच्या विद्युत विभागाने ते एकदा मोठ्याने वाचावे. सार्वजनिक जागेवरून, जागेखालून केबल टाकायला आणि खांब उभारायला केबलवाल्याला परवानगी मागता येते आणि स्थानिक संस्थेला ती देता येते. त्याच कलमात पुढे तीन गोष्टी आहेत. खोदलेली जागा पूर्ववत करून देणे किंवा त्याचा खर्च भरणे केबलवाल्यावर बंधनकारक. लोकहितासाठी आवश्यक वाटले तर जमिनीखालची केबल किंवा खांब ठरावीक मुदतीत, केबलवाल्याच्या खर्चाने हलवायला किंवा काढायला सांगता येते. आणि परवानगी देताना खर्च, वेळ, कामाची पद्धत याविषयी वाजवी अटी घालता येतात. ‘केबल हा आमचा विषय नाही’ हे मुख्याधिकाऱ्यांचे उत्तर म्हणूनच अर्धेच खरे. दर त्यांचा विषय नाही, रस्ता त्यांचाच आहे.

घोळ खांबाच्या मालकीचा आहे. एलटी लाइनचा, म्हणजे घरोघर वीज नेणाऱ्या कमी दाबाच्या तारांचा, खांब महावितरणचा. दुभाजकावरचा नुसत्या दिव्याचा खांब नगरपालिकेचा. रस्ता कधी नगरपालिकेचा, कधी सार्वजनिक बांधकामचा. केबल एकाच गल्लीत या तिन्हींवरून जाते आणि विचारले की जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. त्यात आता त्याच फायबरमधून इंटरनेटही जाते. केबलवाला म्हणतो, ही दूरसंचारची तार आहे, केबल कायदा लागू नाही. ठीक आहे, मग १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेले दूरसंचार मार्गाधिकाराचे नियम आहेत. त्यातही परवानगी लागतेच, फक्त अर्जाचा रस्ता वेगळा.

परवानगी का हवी, हे खांबाच्या मापावरून कळते. एलटीचा सिमेंटचा खांब साधारण ८ मीटरचा. दीड मीटर जमिनीत जातो, वर उरतो साडेसहा. त्यावर तीन फेज, न्यूट्रल आणि रस्त्याच्या दिव्याची तार. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांप्रमाणे रस्ता ओलांडणारी एलटीची सर्वांत खालची तार जमिनीपासून किमान ५.८ मीटर उंच हवी. गावातल्या रस्त्यावर वाहनांसाठी साडेपाच मीटर मोकळी उंची धरतात. केबल विजेच्या तारेखालीच बांधायची आणि वाहनांच्या उंचीच्या वरच ठेवायची म्हटले तर मधे उरली ३० सेंटिमीटर, शाळेतली एक फूटपट्टी. त्यात केबलला स्वतःचा झोळ असतो, आणि एप्रिल-मेच्या उन्हात अ‍ॅल्युमिनियमची वीजतार तापून आणखी खाली येते ते वेगळेच. म्हणजे एलटीच्या खांबावरून रस्ता आडवा ओलांडणारी केबल कितीही नीट बांधा, ती एक तर विजेच्या तारेच्या फार जवळ असते, नाहीतर ट्रॉलीच्या वाटेत. तिसरी जागाच नाही. आणि आपल्याकडची वाहने नियमातल्या उंचीची कुठे असतात? गळीत हंगामात कारखान्याकडे निघालेली दोन ट्रॉल्यांची उसाची जोडगाडी, कापसाने फुगलेला टेम्पो, भाद्रपदात मिरवणुकीतल्या मूर्ती. मिरवणुकीपुढे बांबूने तारा उचलत चालणारी पोरे हे दृश्य आपल्याला इतके सवयीचे झाले आहे की त्यातला धोका दिसेनासा झाला आहे.

धोका केबलमध्ये नसतो, केबल ज्या तारेवर टांगलेली असते तिच्यात असतो. फायबरमधून वीज वाहत नाही. पण दोन खांबांमधला ताण फायबर किंवा जुन्या पद्धतीची धातूची कोअ‍ॅक्स स्वतः पेलत नाही. त्यासाठी वर गॅल्व्हनाइज्ड लोखंडी तार ओढून केबल तिला बांधतात. वळवाच्या वाऱ्यात ही तार सुटून एलटीवर पडली की दुसरे टोक जिथे बांधले असेल तिथपर्यंत, म्हणजे समोरच्या गच्चीच्या लोखंडी कठड्यापर्यंत किंवा पत्र्यापर्यंत, वीज पोचते. जिथे महावितरणने उघड्या तारा काढून प्लॅस्टिकच्या आवरणाची एबी केबल टाकली आहे तिथे हा धोका बराच कमी झाला. जुन्या गल्ल्यांत उघड्या तारा तशाच आहेत, आणि केबलची गर्दीही तिथेच जास्त.

कोअ‍ॅक्सची आणखी एक खोड आहे. तिच्या बाहेरच्या जाळीने गल्लीतली सगळी घरे एकमेकांना धातूने जोडली जातात. कुठे न्यूट्रल तुटला आणि वायरिंग सदोष असेल तर परतीचा प्रवाह या जाळीतून वाट काढू शकतो. मग ज्याच्या घरात दोष नाही त्याचाही सेट टॉप बॉक्स जळतो. टीव्हीमागची पिन लावताना हाताला झिणझिण्या येतात त्याचेही मूळ पुष्कळदा अर्थिंग नसण्यातच असते. घरच्यांनी एवढे पाळावे: आधी टीव्ही आणि बॉक्स दोन्हींचे प्लग बोर्डातून काढायचे, मगच केबलला हात लावायचा. झिणझिण्या जोरात असतील तर केबलवाल्याला नव्हे, आधी वायरमनला बोलवायचे. केबलवाल्याने करायचे ते म्हणजे सिग्नल वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर असलेल्या प्रत्येक खांबाजवळ स्वतंत्र अर्थिंग. हे क्वचितच केलेले दिसते. अ‍ॅम्प्लिफायरला वीज कुठून येते, हाही प्रश्न नगरपालिकेने विचारावा. स्वतंत्र मीटर नसेल आणि खांबावरूनच आकडा टाकला असेल तर ती २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १३५ ची चोरी आहे. दिव्याच्या खांबावरून घेतली असेल तर ते बिल थेट पालिकेच्या म्हणजे करदात्यांच्या माथी.

केबलवाले भराभर फायबरकडे वळताहेत हे चांगलेच आहे. गल्लीतले अ‍ॅम्प्लिफायर जातात, लोडशेडिंगमध्ये चित्र जात नाही, पावसाचे पाणी कनेक्टरमधून शिरून वरच्या फ्रिक्वेन्सीच्या चॅनेलवर चौकोन पडणे थांबते. (अजून कोअ‍ॅक्स असलेल्यांसाठी: घरात शिरण्याआधी केबलला खाली एक वळसा द्या, पाणी तिथून गळते, भिंतीतल्या भोकातून बॉक्सपर्यंत येत नाही.) फायबरची तक्रार वेगळी असते: ‘नेट चालू आहे, टीव्हीच गेला’. बॉक्स बिघडला असे समजून लोक नवा बॉक्स घेतात. बहुतेकदा दोष असतो दारापाशी करकचून वळवलेल्या किंवा खिळ्याखाली चेपलेल्या फायबरचा. टीव्हीचा प्रकाश १५५० नॅनोमीटरच्या लहरीवर येतो, इंटरनेटचा खाली येणारा १४९० वर. वळणावर जास्त गळतो तो १५५०. शिवाय टीव्हीला नेटपेक्षा बराच जास्त प्रकाश लागतो. म्हणून आधी टीव्ही मरतो. फायबर मोकळी करून तळहाताएवढ्या गोलाईत सोडली की बहुधा चित्र परत येते.

पण फायबर आली म्हणजे जुनी कोअ‍ॅक्स गेली असे होत नाही. आणि का होत नाही, याचे कारण भंगाराच्या दुकानात आहे. आरजी-६ किंवा आरजी-११ केबलच्या पोटातली तार तांब्याची दिसते, प्रत्यक्षात असते पोलादाची, वर तांब्याचा पातळ मुलामा. बाहेरची जाळी अ‍ॅल्युमिनियमची, तीही विरळ. सोलायला लागणारी मजुरीसुद्धा सुटत नाही. ज्या तारेत तांबे असते ती रात्रीतून गायब होते. जिच्यात नसते ती वर्षानुवर्षे खांबावर लोंबकळते. मोंढ्यातल्या खांबांवर तारांची जी जाळी दिसतात त्यांत मृत केबल भरपूर आहे. ती काढायला कुणाचाच फायदा नाही, म्हणून ती काढणे ही परवानगीची अट झाली पाहिजे. दर खांबामागे अनामत रक्कम घ्यायची आणि जुनी केबल उतरवून दाखवली की परत द्यायची. परत मिळणाऱ्या पैशासाठी माणूस शिडी लावतो.

मग ठराव कसा असावा? पहिले म्हणजे यादी. प्रत्येक केबलवाल्याने नोंदणीची प्रत, आपला भाग दाखवणारा नकाशा, खांबांची संख्या आणि केबलचा प्रकार द्यायचा. इथे कारकुनांसाठी एक सूचना: पोस्टात ५०० रुपये भरून दरवर्षी करायची नोंदणी जानेवारी २०२५ पासून बंद झाली आहे. आता ती माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या पोर्टलवर ऑनलाइन होते, शुल्क ५ हजार, मुदत ५ वर्षे. ‘पोस्टाचा कागद आणा’ म्हणून नव्या माणसाला परत पाठवू नये.

दुसरे, ओळखपट्टी. रस्ता ओलांडण्याच्या दोन्ही बाजूंना आणि मधल्या दर तिसऱ्या खांबावर केबलवाल्याचे नाव आणि फोन असलेली पट्टी. कागदाची किंवा साध्या प्लॅस्टिकची नको, आपल्या उन्हात एका उन्हाळ्यात तिचा चुरा होतो. अ‍ॅल्युमिनियमची, अक्षरे ठोकलेली. महिन्याची मुदत द्यायची, वर्तमानपत्रात नोटीस द्यायची आणि मग बिनपट्टीची केबल उतरवायची.

उतरवणे हे मात्र जेसीबी आणि कोयता घेऊन करायचे काम नाही, आणि नेमके तेच होते. अतिक्रमण पथक येते, दिसेल ती तार तोडते, फोटो निघतो. ताणलेली लोखंडी तार एका टोकाला तोडली की दुसऱ्या टोकाकडे उसळते आणि एलटीवर पडते. शिवाय जिवंत केबल तुटल्याने वॉर्डभर टीव्ही आणि नेट बंद, त्यात दवाखाना आणि बँकही. योग्य क्रम असा: महावितरणकडून त्या डीपीवरची लाइन लेखी बंद करून घ्यायची, केबलवाल्यांची माणसे हजर ठेवायची, कोणती केबल जिवंत कोणती मृत हे टोकापासून तपासून खुणा करायच्या, लोखंडी तार आधी दोराने बांधून ताण सैल करायचा, मग कापायची आणि खाली घेऊन गुंडाळायची. एका गल्लीला सकाळचे तीन-चार तास लागतात. आखाडात सुरुवात केली तर गणपतीपर्यंत मिरवणुकीचा मुख्य रस्ता मोकळा होतो.

तिसरे आणि सर्वांत स्वस्त: रस्त्याखालचा पाइप. वरून रस्ता ओलांडायला जागा नाही हे माप आपण पाहिलेच. गावोगाव सिमेंट रस्ते होताहेत. गुत्तेदार काँक्रीट टाकण्याआधी प्रत्येक चौकात आणि मधे ठरावीक अंतरावर ११० मिलिमीटरचे दोन पाइप आडवे टाकले, दोन्ही टोकांना छोटे चेंबर केले, आत नायलॉनची दोरी ओवून ठेवली आणि तोंडे टोपणाने बंद केली की पुढची केबल न खोदता ओढता येते. दोरी विसरली तर पाइप असून नसल्यासारखा. टोपण विसरले तर पहिल्याच पावसात गाळ आणि मग उंदीर. दोन पाइप अशासाठी की एक पाइप एका केबलवाल्याने भरला की दुसऱ्याला जागा राहावी. एकच पाइप टाकणे हा दुसऱ्याला जागा नाकारून गावात एकाचीच मक्तेदारी उभी करण्याचा सोपा मार्ग आहे, आणि कलम ४ ब ने ही सोय सगळ्या केबलवाल्यांना खुली ठेवली आहे.

शुल्काबद्दल सावध राहावे. घटनेच्या राज्यसूचीतल्या ६२ व्या नोंदीमुळे स्थानिक संस्थांना करमणुकीवर कर बसवण्याची वाट अजून खुली आहे, आणि तिजोरी रिकामी झाली की ती कुणालातरी आठवतेच. जोडणीमागे कर लावला तर तो सरळ ग्राहकाच्या बिलात जाईल आणि ग्राहक महिन्याचे भाडे नसलेल्या डीडी फ्री डिशकडे किंवा मोबाइलकडे. केबलवाल्याकडे आधीच फार काही उरत नाही: वेगळा करार नसेल तर एनसीएफमधले ४५ टक्के त्याचे, ५५ टक्के वरच्या कंपनीचे. त्यातून लाइनमनचा पगार, केबल, वीज. म्हणून घ्यायचे तर डोक्यावरच्या तारेचे घ्यावे, जमिनीखालून गेलेल्याला माफ करावे. खांबावरची केबल महाग आणि पाइपातली स्वस्त केली की ती आपोआप खाली जाईल.

ज्या गल्लीत सिमेंट रस्त्याचे काम मंजूर झाले आहे तिथल्या रहिवाशांनी या आठवड्यात बांधकाम विभागात जाऊन अंदाजपत्रकाची प्रत पाहावी. त्यात आडव्या पाइपाची बाब नसेल तर मुख्याधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. खडी पसरायच्या आत ही बाब घालता येते, काँक्रीट पडल्यावर नाही.

आपला,
एक वाचक, जि. परभणी